झालेल्या कामांत आई

मोरीत पाय धुता धुता नवनाथच्या हातातला तांब्या थांबला. स्वयंपाकघरातून ऋतुजाने, त्याच्या बायकोने, अगदी साध्या आवाजात विचारलं होतं, “अहो, आई कुठंयत? खाली बोलत बसल्यात का कुणाशी?” एक पाय ओला झाला होता, दुसरा कोरडाच होता, आणि त्या कोरड्या पायाकडे तो बघत राहिला. आई खाली नव्हती. आई सकाळपासून डोळ्यांच्या दवाखान्यात होती. त्यानेच तिला गाडीवर मागे बसवून नेलं होतं, तिथल्या बाकड्यावर टेकवलं होतं, दुपारी न्यायला येतो म्हणून सांगितलं होतं. आणि मग अक्कलकोट रोडच्या कारखान्यात जाऊन दिवसभर टॉवेलच्या गाठी ट्रकमध्ये चढवून घेतल्या होत्या, डबा खाल्ला होता, कुणाच्या तरी विनोदावर हसलासुद्धा होता. आता बाहेर दिवेलागण झाली होती. आईला विसरलेल्या माणसाला निदान आधी आईचं तोंड आठवावं. नवनाथला आठवला तो मोबाईलमधला एक गोड आवाज. टिंग. सकाळी दवाखान्याच्या दारात, आई पायरी चढते न चढते तोच त्याने मोबाईल काढला होता, ‘आई, डोळ्यांचा दवाखाना’ या ओळीपुढच्या गोलावर बोट टेकवलं होतं, गोल हिरवा झाला होता, ओळीवर रेघ फिरली होती आणि ती ओळ सरकत सरकत नाहीशी झाली होती. काम झालं होतं. ओळीबरोबर आईही गेली होती.

ही आठवण करून देणारी अ‍ॅपं त्याच्या आयुष्यात आली होती ती वडील गेल्यानंतर. आई गावाकडची मेंढरं विकून जुळे सोलापुरातल्या त्याच्या दोन खोल्यांत राहायला आली, तेव्हा तिच्या गोळ्या, तिची साखर, तिचे डोळे, ऋतुजाची शाळा, कारखान्यातल्या गाड्यांच्या वेळा हे सगळं एका डोक्यात मावेना. मग त्याने निळ्या चित्राचं एक अ‍ॅप घेतलं. त्यात ‘आईला सोडणे’ आणि ‘आईला आणणे’ अशा दोन वेगळ्या ओळी असायच्या. पण परवाच्या रविवारी कारखान्यातला अजिनाथ म्हणाला, “निळं काय वापरतोस, म्हाताऱ्या माणसाचं हाय ते. लाल घे. लई हलकं वाटतंय बघ डोक्याला.” लाल अ‍ॅपवाल्यांचं सांगणं होतं की यादी छोटी असावी, लांब यादी बघून माणूस खचतो. म्हणून जुन्या ओळी नव्यात उतरवताना नवनाथने छाटाछाट केली. सोडणे आणि आणणे यांची मिळून एकच ओळ केली. तेव्हा ते किती नीटनेटकं दिसलं होतं. आज दुपारी तर कहर झाला होता. शेवटच्या गोलावर बोट टेकवल्यावर पडद्यावर झोळीत पडलेल्या माणसाचं चित्र आलं, खाली लिहिलेलं, ‘आजची सगळी कामं झाली. निवांत व्हा.’ ते त्याने अजिनाथला दाखवलं, दोघांनी कँटीनमध्ये चहा घेतला, आणि कितीतरी महिन्यांनी त्याच्या मानेतली कळ गेली होती. त्या चहाच्या वेळी आई उपाशी बसलेली होती. हे त्याला आता मोरीत कळत होतं, आणि कळूनही तो तांब्या नीट पालथा घालून ठेवत होता.

गाडी कशी काढली, जिना कसा उतरला, काही आठवत नाही. आसरा चौकात सिग्नल लागला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात काहीतरी जुळवतोय. काय जुळवतोय हे बघितलं तर ती सबब होती. गाडी पंक्चर झाली. शेठने सोडलं नाही. ट्रक पलटी झाला. आई तिथे आहे की नाही, हा प्रश्न मागे आणि सबब पुढे. स्वतःची शिसारी आली त्याला. सिग्नलवर शेजारच्या रिक्षात एक म्हातारी बसली होती, तिच्या मांडीवर भाजीची पिशवी होती, आणि ती आपली आई नाही एवढ्यावरून त्याला तिचा रागच आला. डोळ्यांत औषध घालतात तेव्हा पुढचे काही तास सगळं धूसर दिसतं, हे डॉक्टरांनी मागच्या खेपेलाच सांगितलं होतं. म्हणजे आई नुसती बसलेली नव्हती, न दिसता बसलेली होती. तिच्याकडे बटणांचा साधा फोन होता. एक नंबरचं बटण दाबून धरलं की नवनाथला लागायचा, हे त्याने तिला शिकवलं होतं आणि तिला ते येतही होतं. मग तिने का केला नाही? फोन कमरेच्या पिशवीतून पडला असेल. चोरीला गेला असेल. का ती उठली असेल, त्या धुरकट उजेडात सात रस्त्याच्या गर्दीत शिरली असेल. इथे त्याचं मन पुढे जाईना. ते पुन्हा त्या गोलापाशी यायचं, आणि त्याचं बोट हँडलवर असून सकाळसारखंच पुढे व्हायचं.

दवाखान्याचं अर्धं शटर खाली आलं होतं. वॉचमन ईरप्पा खुर्च्या आत ओढत होता. आणि भिंतीशी, सकाळी टेकवली होती त्याच बाकड्यावर, त्याच टोकाला, आई बसलेली होती. डोळ्यांवर पदर घेतलेला, वहाणा काढून बाकड्याखाली नीट जोडून ठेवलेल्या. नवनाथ बोलला नाही तरी तिने मान वळवली. पावलांवरून ओळखलं असावं.

“आलास व्हय?” ती म्हणाली. “चल.”

ईरप्पाला मात्र राहवलं नाही. “सकाळधरनं बसलीय ओ अव्वा. डाक्टरनं तपासून कवाच मोकळं केलं. म्या म्हणलं नंबर सांग, फोन लावतो, तर न्हाय म्हणती. चहा आणला तर त्योबी घेईना. आसं सोडून जातेत काय म्हाताऱ्या माणसाला?”

नवनाथ अजून जुळवलेल्या सबबींतली एक निवडत होता. तेवढ्यात आई वाकून हाताने वहाणा चाचपडत म्हणाली, “त्येला कशाला बोलतायसा? म्याच सांगितलं हुतं त्येला, सांच्याला ये म्हणून. मला घरी जाऊन काय करायचंय.” हे ती ईरप्पाला सांगत होती. ज्याच्यासाठी खोटं बोलायचं, त्याच्या देखत, त्याच्याकडे न बघता, अगदी सहज. मग तिने वहाणा पायात सरकवल्या आणि हात पुढे केला. तो हात धरताना नवनाथला वाटलं, तिने चारचौघांत एक थोबाडीत मारली असती तर आपण घरापर्यंतचा रस्ता तरी पार करू शकलो असतो.

घरी ती जेवली, नेहमीएवढीच जेवली. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या शुक्रवारी ठरल्याचं सांगितलं. अकलूजहून पूनमचा, त्याच्या धाकट्या बहिणीचा फोन आला, तेव्हा स्पीकरवर आईने पुन्हा तेच सांगितलं, म्याच म्हणलं सांच्याला ये. पूनम काही दुधखुळी नव्हती. ती म्हणाली, “दादा, तुला जमत नसलं तर सांग की. आमच्याकडं करू ऑपरेशन. हे घेतील सुट्टी.” आई म्हणाली, “कशाला? हितं समदं ठरलंय.” एवढ्यावर ते मिटलं, म्हणजे बाकीच्यांचं मिटलं. रात्रीची भांडी आवरताना ऋतुजाने त्याच्या मोबाईलमध्ये ती झालेल्या कामांची यादी बघितली. ती शाळेत गणित शिकवते, तिला चूक कुठे झाली ते बघायची सवय आहे. रेघ मारलेल्या ओळींत, गाडी नंबर, जीएसटीचं बिल आणि गॅस सिलिंडर यांच्यामध्ये, आई होती. ऋतुजा म्हणाली, “विसरला असता तर मी समजू शकले असते. माणूस विसरतो. पण तुम्ही झालं म्हणून खूण केलीत.” ती रागाने बोलली नव्हती, म्हणून ते वाक्य घरात राहायला आलं.

आणि त्यानंतर नवनाथने जे सुरू केलं त्याला आपल्याकडे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात. त्याने लाल अ‍ॅप काढून टाकलं आणि दुसरं शोधायला लागला. शुक्रवारच्या आत त्याला असं एक अ‍ॅप हवं होतं की ज्यात आई हरवूच शकणार नाही. चूक सापडली होती, ओळ एक केली ही चूक, ती दुरुस्त करून मोकळं व्हायला काही हरकत नव्हती. पण त्याचा आता ओळीवर विश्वास उरला नव्हता, आणि बोटावर तर नव्हताच. पुण्यातली गोरीगोमटी पोरं व्हिडिओत या अ‍ॅपांची तुलना करायची, ती तो कारखान्यात, जिन्यात, संडासात बघायला लागला. एक अ‍ॅप होतं ते कामाच्या पाट्या करायचं, ‘करायचं’, ‘चालू आहे’ आणि ‘झालं’. पाटी बोटाने या रांगेतून त्या रांगेत सरकवायची. त्याने आईची पाटी केली आणि ती ‘चालू आहे’मध्ये ठेवली, तेव्हा जरा बरं वाटलं. मग वाटलं, संध्याकाळी ही पाटी कुठे सरकवायची? दुसरं एक अ‍ॅप तुम्ही खूण करेपर्यंत दर थोड्या वेळाने कोकलत राहायचं, नुसत्या टिंगने त्याचं भागायचं नाही. तिसऱ्यात घरातली सगळी माणसं एकाच यादीत असायची, एकाने विसरलं तरी दुसऱ्याला दिसायचं. पण त्यात पूनमला घ्यावं लागलं असतं. चौथं जागेवरून ओळखायचं, दवाखान्यापासून लांब गेलात की हाक मारायचं. तेवढ्यासाठी ते दिवसभर बॅटरी खायचं आणि मोबाईल दुपारीच मान टाकायचा. म्हणजे ज्या अ‍ॅपला आई आठवायची, तेच आधी बेशुद्ध पडायचं. ती पुण्याची पोरं सगळीकडे एकच सांगत होती, डोकं ही साठवायची जागा नव्हे, डोकं रिकामं ठेवा. हे ऐकलं की नवनाथ व्हिडिओ बंद करायचा. त्याने डोकं फारच छान रिकामं केलं होतं. आई सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यात नव्हती. कण नव्हता. हेच त्याला सहन होत नव्हतं. कामाच्या गर्दीत आठवण मागे पडली असती, मधूनच टोचली असती, तर ते विसरणं माणसाचं झालं असतं. पण तो तर हलका झाला होता. निवांत झाला होता.

कारखान्यात त्याचं चित्त ठिकाणावर नाही हे अजिनाथला दिसत होतं. एकदा लेबलं उलटसुलट लागली, एकदा हैदराबादच्या गाठी नागपूरच्या गाडीत चढता चढता राहिल्या. “आरं, एक काय ते ठरव की,” अजिनाथ म्हणाला. “चार चार अ‍ॅपं घेऊन बसलायस. उंटावरनं शेळ्या हाकतोस व्हय?” अजिनाथला बिचाऱ्याला माहीत नव्हतं की हा माणूस खरोखरच शेळ्यामेंढ्यांतून आला आहे, आणि तिथे उंट नव्हता, घोडं होतं. तळ हलायचा त्या दिवशी पहाटेच घोड्यावर संसार चढायचा, मेंढरं कोंडायची जाळी, भांडी, कोंबड्या, नुकती व्यालेली कोकरं, आणि लहान पोर असलं तर तेही त्यातच बांधलेलं. मंद्रूपच्या पलीकडून निघायचं ते वळसंगच्या शिवारापर्यंत कुणाच्या ना कुणाच्या रानात मेंढरं बसवत जायचं. त्या जगण्यात एक नियम होता आणि तो पोरांना चालायला लागल्याबरोबर सांगितला जायचा. चुकलात तर हलायचं नाही. जिथं सोडलं तिथंच बसायचं. हुडकणारा तिथंच येणार, तुम्ही हललात की दोघंही चुकणार. आई उगीच त्या बाकड्यावर बसली नव्हती. ईरप्पाला नंबर न देणं, फोनचं बटण न दाबणं, चहा न घेणं, हे सगळं त्या नियमातलंच होतं. ज्याने सोडलं त्यानेच यायचं असतं. त्याला बोलावून आणलं तर ते येणं कसलं?

आणि नवनाथला स्वतःचं बसणं आठवायचं. तो सात-आठ वर्षांचा असेल. एका लंगड्या कोकराला घेऊन विहिरीच्या काठाला मागे राहिला होता आणि कळप पुढे निघून गेला होता. कुत्र्यांचं भुंकणं बारीक होत होत थांबलं. मग नुसती दुपार उरली. विहिरीवर बैलांनी मोट ओढायची जुनी दगडी धाव होती, तिच्या भिंतीच्या सावलीत तो बसला. कोकरू त्याचा अंगठा चोखत होतं, त्याचा खरखरीत टाळू त्याला आजही बोटाला लागतो. भीती वाटली नव्हती. हेच तर नवल होतं. सावली धावेवरून उतरून जमिनीवर लांब झाली तरी त्याला भीती वाटली नव्हती, कारण आई येणार हे त्याला सूर्य मावळणार इतकंच ठाऊक होतं. आणि ती आली. जवळ घेतलं नाही, रडली नाही. कोकरू उचलून खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, “उठ.” एवढं आयुष्य त्याने त्या एका शब्दाच्या जोरावर काढलं होतं. शहरात आला, शिकला, नोकरी धरली, बाप गेला. पण कुठेतरी एक बाई आहे जिच्या डोक्यातून आपण क्षणभरही उतरत नाही, ही खात्री पाठीशी होती. आणि तीच बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्या डोक्यातून उतरली होती. तिला भीती वाटली असेल का? तिला आपण येणार हे ठाऊक होतं का? हे एकदा कळायला हवं होतं. कुठल्याच अ‍ॅपला ते विचारता येत नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी त्याने शेवटी कोकलणारं अ‍ॅप पक्कं केलं आणि त्यात नव्याने भरायला बसला. ऑपरेशन झाल्यावर डोळ्यांत थेंब घालायचे होते, ते दिवसातून कितीदा, कधी, हे सगळं. त्याआधी, म्हणजे सगळ्यांच्या वर, त्याने नुसतं ‘आई’ असं लिहिलं. काम म्हणून काही नाही. नुसती आई, रोज. म्हणजे रोज सकाळी ते अ‍ॅप ओरडेल, आई. अ‍ॅपने विचारलं, पुन्हा पुन्हा करायचं का? हो. दररोज? हो. मग अ‍ॅपने विचारलं, कधीपर्यंत? खाली कॅलेंडर उघडलं. पुढचे महिने, पुढची वर्षं, बोटाने वर सरकवत जावं तसतशी वर्षं येत होती, पांढरी, स्वच्छ, चौकोनाचौकोनाची. ‘कधीच संपत नाही’ असाही एक पर्याय होता. नवनाथचं बोट त्यावर गेलं आणि त्याला ते खोटं आहे हे माहीत असल्यामुळे दाबवेना. आणि तारीख निवडायची म्हणजे तरी कुठली निवडायची? त्याने मोबाईल पालथा घातला. आतल्या खोलीत आई ऋतुजाच्या शाळेतल्या कुणाच्या तरी बाळासाठी गोधडीचे तुकडे जुळवत होती. दिसत नव्हतं तरी जुळवत होती, कापडाचा पोत बोटांनी बघत. तो तिच्यापाशी जाऊन भिंतीला टेकून बसला.

“आई,” तो म्हणाला, “त्या विहिरीवर म्या राहिलो हुतो बघ. लंगडं कोकरू घेऊन.”

“व्हय की,” ती म्हणाली. “मेलं ते कोकरू मागनं.”

“तुला कवा ध्यानात आलं, म्या मागं राहिलोय म्हणून?”

आईने तुकडा उलटा केला, सुलटा केला. “मला कुटलं ध्यानात येतंय,” ती म्हणाली. “इसरलेच हुते की म्या. तळ लावला, चूल पेटिवली, भाकरी टाकाय बसले. तुझ्या बानं इचारलं, पोरगं कुटं हाय? तवा कळलं.”

नवनाथला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “इसरली हुतीस?”

“तर. त्यादिशी दोन मेंढरं याली हुती वाटंतच. त्येंच्या नादात कुटलं पोर आन् कुटलं काय.” आणि त्याच्याकडे जरा कान देऊन ती म्हणाली, “मग? आले की म्या.”

तिने हे त्याला धीर द्यायला सांगितलं की नुसतं विचारलं म्हणून सांगितलं, हे तिच्या तोंडावरून कळण्यासारखं नव्हतं. ती पुन्हा तुकड्यांकडे वळली. कुणाला वाटेल, नवनाथला आता सुटल्यासारखं झालं असेल. आईही विसरली होती, बापाने विचारल्यावर तिच्याही हातातली भाकरी तशीच थांबली असेल, म्हणजे फिटंफाट झाली. पण त्याला काही सुटल्यासारखं झालं नाही. तो उठून गॅलरीत गेला आणि कठडा धरून उभा राहिला. समोरच्या इमारतीत कुणी तरी कुकरच्या शिट्ट्या काढत होतं, खाली पोरं सायकली फिरवत होती, आणि इतकी वर्षं ज्या दुपारवर तो निर्धास्त बसला होता ती दुपार आता त्याच्याखालून निघून गेली होती. त्या विहिरीच्या काठाला बसलेलं ते पोर कुणाच्याच डोक्यात नव्हतं. त्याला कुणी सांगितलं असतं तर ते केवढ्याने रडलं असतं. नवनाथला आता, या वयात, इस्त्री केलेला शर्ट पँटीत खोचलेला असताना, तसं रडावंसं वाटलं. जगात कुणीच कुणाला सतत ध्यानात ठेवत नाही. कुणीतरी मध्येच विचारतं, आणि मग धावाधाव. ज्याच्याबद्दल विचारणारं कुणी नाही तो बसून राहतो. आणि आईबद्दल ऋतुजाने विचारलं नसतं तर? तिला त्या दिवशी शाळेत उशीर झाला असता तर? तो जेवला असता, टीव्ही लावला असता. हे त्याला इतकं स्पष्ट दिसलं की त्याने कठडा सोडला, आत येऊन मोबाईल उचलला आणि काढून टाकलेलं निळं अ‍ॅप पुन्हा घेतलं, लाल पुन्हा घेतलं, पाट्यांचं राहू दिलं, कोकलणारं होतंच. सगळ्यांत आई लिहिली. निवड करण्याची ऐपतच त्याच्यात उरली नव्हती. एक विसरलं तर दुसरं, दुसरं विसरलं तर तिसरं. बुडणारा माणूस काडी पारखून घेत नसतो.

शुक्रवारी त्याने पूर्ण दिवसाची रजा काढली. ऋतुजाच्या शाळेत परीक्षा होती, ती येऊ शकत नव्हती. गाडीवर बसताना आईने मांडीवर आपली कापडी पिशवी घेतली आणि एका हाताने त्याचा खांदा धरला. दवाखान्यात ती आपण होऊन त्याच बाकड्याच्या त्याच टोकाला जाऊन बसली. नवनाथ शेजारी बसला, अगदी चिकटून. नर्सने डोळ्यांत थेंब घातले, आणि एकेक करून मोबाईलमधली अ‍ॅपं बोलू लागली. निळ्याची घंटा झाली, लालचं टिंग झालं, मग कोकलणारं सुरू झालं. ‘आई.’ थोड्या वेळाने पुन्हा, ‘आई.’ बाकड्यावरची म्हातारी माणसं पट्टीखालून त्याच्याकडे तोंडं वळवायला लागली. तो प्रत्येक वेळी बंद करत होता, खूण मात्र एकाही गोलावर करत नव्हता. शेठचा फोन आला तो घेतला नाही. “म्या हलत न्हाय हितनं,” तो आईला म्हणाला. आई म्हणाली, “बरं.” तिच्या त्या ‘बरं’मध्ये काही होतं का, हे तो कान टवकारून शोधत राहिला. काही नव्हतं. मूल हट्टाने काही बोललं की म्हणतात तसलं ते बरं होतं.

तिचं नाव पुकारलं तेव्हा तिने पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली आणि नर्सचा हात धरून आत गेली. पिशवी जड लागली. काही वेळाने नर्स पुन्हा डोकावली, “आधार कार्डाची झेरॉक्स द्या हो केराबाईंची.” झेरॉक्स पिशवीत होती, सकाळी त्यानेच सांगितलं होतं घालायला. त्याने हात घातला. वर तिची शाल होती, घडी केलेली, उन्हाळ्याचे दिवस असून. शालीखाली पाण्याची बाटली, मोठी, भरलेली. तिच्याखाली फडक्यात बांधलेलं काहीतरी कडक होतं. त्याने गाठ सोडली. कडक भाकरी होत्या. पातळ, खडखडीत वाळवलेल्या, एकावर एक रचलेल्या. लांबच्या वाटेला निघताना करतात त्या, महिनाभर ठेवल्या तरी ज्यांना काही होत नाही. सोबत कागदाच्या पुडीत शेंगाचटणी. कधी केल्या होत्या कोण जाणे. ऋतुजा शाळेत, तो कारखान्यात, घरात दिवसभर ती एकटीच असायची. दिसत नसताना तव्यापाशी बसून केल्या होत्या, दोन भाकरींच्या कडा काळ्या पडल्या होत्या. एका माणसाला संध्याकाळपर्यंत लागतील त्याच्यापेक्षा त्या पुष्कळ जास्त होत्या. नवनाथने फडक्याची गाठ पुन्हा मारली, जशी होती तशी मारण्याचा प्रयत्न केला. झेरॉक्स नेऊन दिली. परत येऊन बसला. मोबाईल पुन्हा ओरडला, ‘आई’, आणि या वेळी तो बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

तिला बाहेर आणलं तेव्हा एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती आणि दुसऱ्या डोळ्याने तिला नुसता उजेड दिसत असावा. नर्सने तिला बाकड्यापाशी आणून सोडलं. तिने हात पुढे केला, हवेत चाचपडला. नवनाथने उठून आपला हात त्या हातात दिला. “म्या हाय,” तो म्हणाला, “हितंच हाय. कुटं गेलो न्हाय.”

“व्हय व्हय,” आई म्हणाली, आणि त्याचा हात हळूच बाजूला करून बाकड्यावर चाचपडत राहिली. “माझी पिशवी कुटं हाय?”

त्याने पिशवी तिच्या हातात दिली. तिने ती मांडीवर ओढून घेतली, वरूनच दाबून भाकरी जाग्यावर असल्याची खात्री केली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि भिंतीला नीट पाठ टेकून बसली.

“हां,” ती म्हणाली. “आता जा तू कामाला.”